सोंगाची वर्गणी

दर महिन्याच्या सात तारखेला, रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास माझ्या मोबाइलवर सहा आकड्यांचा एक संदेश येतो. पाठोपाठ आतल्या खोलीतून हाक येते, ‘‘बाबा, ओटीपी आला का?’’ मी चष्मा लावून आकडे वाचून दाखवतो आणि बाराशे-तेराशे रुपये सातासमुद्रापार जातात. मुलाच्या पगाराच्या खात्याचं कार्ड परदेशी व्यवहारांना चालत नाही, म्हणून तो माझ्या खात्यावरचं जोडकार्ड वापरतो. पैसे मात्र त्याच रात्री माझ्या खात्यात भरतो. पूर्वी ही रक्कम आपोआप कापली जायची आणि उताऱ्यावरच्या त्या इंग्रजी आद्याक्षरांना मी त्याच्या कामाचं काहीतरी समजत होतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं अशा दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमांना नियम लावले. ग्राहकाची संमती नोंदलेली हवी, पैसे जाण्याच्या चोवीस तास आधी सूचना हवी. त्या नियमांत न बसलेल्या अनेक परदेशी वर्गण्या आपल्या कार्डांवरून आपोआप जाईनाशा झाल्या. नियम ग्राहकाच्या भल्याचाच. पण आमच्या घरात त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. एकतीस वर्षांच्या कमावत्या मुलाला दर महिन्याला बापाला सांगावं लागू लागलं, की मला खेळायचं आहे.

बँकेतून निवृत्त झालो तरी माझ्या हातातली शिसपेन्सिल सुटलेली नाही. एका रात्री मी हिशेब मांडला. महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा हजार चारशे. कॉलेजपासून खेळतोय, म्हणजे दहा वर्षांचे जवळजवळ दीड लाख. ‘‘एवढे पैसे आवर्ती ठेवीत टाकले असतेस तर,’’ असं मी जेवणाच्या ताटावरच सुरू केलं. एखादी वस्तू असती तर एकदाच पैसे गेले असते. ही कसली वस्तू, की भाडं थकलं की दार बंद? पोरगा शांतपणे भात कालवत होता. म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही सावानाची वर्गणी किती वर्षं भरताय? त्यातलं एक तरी पुस्तक तुमचं झालं का?’’ त्याची आई हसली. मी हसलो नाही. पण उत्तरही सुचलं नाही.

सावाना म्हणजे आमचं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय. १८४० साली सुरू झालेलं. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. शाळेत असताना वडिलांच्या नावावर मी तिथून पुस्तकं आणत असे, आणि खरं सांगायचं तर त्या काळी आणलेली पुस्तकं काही ज्ञानवर्धक नव्हती. नाथमाधवांची ‘वीरधवल’ मी तीनदा आणली होती. १९१३ साली प्रसिद्ध झालेली ही अद्भुतरम्य कादंबरी; वीरपुरुष, कपटी शत्रू, अंधारातली भुयारं. वडील म्हणत, ‘‘असल्या राज्यात राहून पोट भरणार आहे का?’’ तेव्हा मला राग येई. पन्नास वर्षांनी तेच वाक्य मी माझ्या मुलाला ऐकवत होतो.

मग ठरवलं, की एकदा पाहावं तरी. कर्जाचा अर्ज फेटाळतानाही आधी जागेची पाहणी करायची असते.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संगणकावरचे बहुतेक खेळ एकट्यानं खेळायचे असतात आणि ते कधीतरी संपतात. हा खेळ म्हणजे एक अख्खं जग असतं: डोंगर, नद्या, गावं, बाजारपेठा, राक्षस, जादूगार. ते दूरच्या कुठल्यातरी शक्तिमान यंत्रावर चोवीस तास चालू असतं आणि हजारो माणसं एकाच वेळी त्यात वावरत असतात. आपण त्यात एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी वैद्य. सुरुवातीला हे पात्र दुबळं असतं. कामं करत, लढत, शिकत ते पायरी-पायरीनं वर चढतं. आपण संगणक बंद करून झोपलो तरी त्या जगात दिवस उगवतच असतो.

या कल्पनेला आता पन्नास वर्षं झाली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. तो कागद, पेन्सिल आणि फाशांवर, टेबलाभोवती बसून खेळायचा. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अशीच दुनिया संगणकावर उभी केली. तिच्यात चित्र एकही नव्हतं, सगळी वर्णनं शब्दांत. मग १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. या शेवटच्याची वर्गणी अमेरिकेत महिना १४.९९ डॉलर होती, आणि २०१० साली त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर पोचले होते. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या साधारण एवढीच. आपल्याकडे २००४ च्या सुमारास ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ हा कोरियन खेळ आला. त्या वेळी घरोघरी इंटरनेट नव्हतं. मुलं सायबर कॅफेत जाऊन प्रीपेड कार्डं घेत आणि तासांच्या हिशेबानं त्या जगात राहून येत.

माझा मुलगा जो खेळ खेळतो त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे मी त्याच्याविषयी बऱ्याच तक्रारी करणार आहे. त्यानं मला एक पात्र करून दिलं: पांढऱ्या दाढीचा एक बुटका, हातात कुऱ्हाड. गावाबाहेर उभ्या असलेल्या एका म्हातारीनं मला पहिलं काम सांगितलं, की दहा लांडग्यांचे दात आण. मला वाटलं, दहा लांडगे मारले की झालं. तेवीस मारावे लागले! कारण म्हणे, प्रत्येक लांडग्याला दात सापडतीलच असं नाही. दात नसलेला लांडगा चावतो मात्र व्यवस्थित. दात नेऊन दिले तर म्हातारी म्हणाली, आता बारा रानडुकरांची कातडी आण. तिसऱ्या संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, ‘‘अरे, ही नोकरीच आहे की! फरक इतकाच, की इथे पगार आपणच द्यायचा.’’ तो म्हणाला, ‘‘सगळे पहिल्या आठवड्यात हेच म्हणतात.’’

पुढच्या आठवड्यांत कळलं, की त्यांच्या तक्रारी माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. पहिली तक्रार अंतराची. नाशिकमध्ये दाबलेली कळ परदेशातल्या यंत्रापर्यंत जाऊन उत्तर परत यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला-मला वाटेल. पण तेवढ्यात राक्षसाची गदा खाली आलेली असते आणि पडद्यावर दिसते ती मागची गोष्ट. दुसरी तक्रार विजेची. मोठ्या लढाईला वीस-पंचवीस जण लागतात. महिनाभर तयारी करून ती मंडळी उभी राहिलेली असताना आमच्या गल्लीतली लाइट जाते आणि त्यांचा वैद्य जागच्या जागी पुतळा होतो. तिसरी तक्रार वाट पाहण्याची. मार झेलणारा, मार देणारे आणि जखमा भरणारा असा सगळा मेळ जमल्याशिवाय काही सुरूच होत नाही. सगळे आले तर एकाची बायको जेवायला बोलावते. अर्धा तास नुसते उभे. वर्गणीचं मीटर चालूच.

पण बँकवाला म्हणून मला सर्वांत खटकली ती चौथी गोष्ट. दर दोनेक वर्षांनी कंपनी त्या जगात एक नवा खंड उघडते. त्यासाठी वेगळे पैसे घेते ते सोडा; पण नव्या खंडात पाऊल ठेवलं, की तिथला पहिला शेतकरी हातात जी विळी ठेवतो ती आपण वर्षभर रात्री जागून मिळवलेल्या राजखड्गापेक्षा सरस निघते. यंत्रसामग्रीवर घसारा धरतात हे मला ठाऊक आहे. पण एका मध्यरात्री शंभर टक्के घसारा मी कुठल्या ताळेबंदात पाहिला नव्हता. आणि ते खड्ग तरी आपलं कुठे असतं? करारात स्वच्छ लिहिलेलं असतं, की खातं, पात्र, वस्तू सगळं कंपनीचं; तुम्हाला फक्त वापरायची परवानगी. जानेवारी २०२३ मध्ये चीनमध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची अमेरिकी कंपनी आणि तिथली भागीदार कंपनी यांचा करार संपला आणि एका रात्रीत ते जग तिथल्या खेळाडूंना बंद झालं. वर्षानुवर्षं वाढवलेली पात्रं दाराआड राहिली. दीड वर्षानं, २०२४ मध्ये दार पुन्हा उघडलं हे त्यांचं नशीब. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ आणि ‘सिटी ऑफ हीरोज’ हे खेळ कंपन्यांनी २०११ आणि २०१२ मध्ये मिटवून टाकले, तेव्हा वर्गणीदारांना शेवटचा दिवस कळवण्यात आला, एवढंच.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या खेळात पैशाचंही सोंग आणता येतं. माझ्या बुटक्यापाशी चारशे सोन्याची नाणी आहेत. सोंग आणता येत नाही ते फक्त वर्गणीचं.

मग माणसं का जातात तिथे? रिचर्ड बार्टल यांनीच १९९६ साली एका लेखात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते. काहींना मिळवायचं असतं, काहींना हिंडून पाहायचं असतं, काहींना माणसं जमवायची असतात आणि काहींना दुसऱ्याला पाडायचं असतं. मी दुसऱ्या प्रकारात निघालो. कामं टाकून मी माझ्या बुटक्याला घेऊन समुद्रकाठानं चालत राही. गुडघे दुखत नाहीत, हे त्या देशाचं मोठं सुख. मुलगा तिसऱ्या प्रकारातला. तो वैद्य आहे. लढाईत तो कुणाला मारत नाही. सर्वांच्या मागे उभा राहून कोण पडतंय ते पाहत असतो. अंबडच्या कारखान्यात तो गुणवत्ता तपासतो. तिथे त्याचं काम चोख झालं, तर काहीच घडत नाही आणि म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. इथे त्याचं काम चोख झालं की पंचवीस जण जिवंत राहतात आणि तसं म्हणतातही. चार वर्षं बढतीची वाट पाहणाऱ्या मुलाला रात्री दहा वाजता कुणीतरी ‘तू होतास म्हणून वाचलो’ असं म्हणणं किती मोलाचं, हे मला माझ्या पेन्सिलीनं मोजता आलं नव्हतं.

आणि सोंगाची ओढ तरी कुठे नवी आहे? १९८६ साली माझी बदली सुरगाणा तालुक्यातल्या एका शाखेत झाली. त्या भागात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. काही गावांत त्याला आखाडी म्हणतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून देव-दानवांची सोंगं रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, सांबळाच्या ठेक्यावर नाचत येतात. त्या रात्री एका दैवताच्या सोंगापुढे बायका आरती घेऊन उभ्या होत्या, म्हातारी माणसं वाकत होती. मीही हात जोडले. पहाटे मुखवटा उतरला तेव्हा पाहिलं, तर आदल्याच आठवड्यात विहिरीच्या कर्जाचा हप्ता थकला म्हणून मी ज्याला चारचौघांत बोललो होतो तो शेतकरी! सोमवारी तो पुन्हा टोपी हातात धरून माझ्या टेबलापुढे उभा राहिला, पूर्वीसारखाच. पण मला काही पूर्वीच्या आवाजात बोलता येईना. मुखवट्यानं त्याला खोटं केलं नव्हतं. तो एरवी जो असू शकत नव्हता तो त्याला एक रात्र होऊ दिलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि माझ्याच घरातलं सोंग मात्र मला रिकामपणाचा उद्योग वाटत होतं.

माझं मत बदललं ते मात्र या विचारानं नाही. ते एका रात्रीनं बदललं.

या खेळात माणसं आपापली मंडळं करतात. मुलाच्या मंडळात चाळीसेक जण आहेत, पाच-सहा देशांतले. आपल्या गणेशमंडळासारखं यांचंही सगळं असतं: अध्यक्ष, रुसवेफुगवे, फाटाफूट आणि खजिना. या खजिन्यावर मी खूश होतो. कुणी काय ठेवलं, कुणी काय काढलं याची नोंद आपोआप होते आणि हुद्द्यानुसार रोज किती काढता येईल याची मर्यादा असते. एवढी शिस्त मी काही पतसंस्थांत पाहिलेली नाही. हा खजिना सांभाळणारा एक वयस्क गृहस्थ होता. मंडळातली पोरं त्याला ‘अंकल’ म्हणत. कुणाला औषध लागलं, कुणाचं चिलखत तुटलं, की अंकलना सांगायचं. लढाईला ते क्वचितच येत. त्यांचे हात थरथरतात असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. मीही एकदा त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत बोललो होतो. खतावणी नीट ठेवण्याबद्दल आमचं पूर्ण एकमत झालं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात अंकल दिसेनासे झाले. यादीत नावापुढे ‘शेवटचे आले त्याला इतके दिवस’ असा आकडा येतो. तो दहा झाला, वीस झाला, चाळीसच्या पुढे गेला. मुलगा रोज तो आकडा बघे. मग एका रात्री अंकलचं पात्र अचानक उजळलं. सगळ्यांनी एकदम स्वागत केलं. दोन मिनिटं काही उत्तर नाही. मग ओळ आली: मी त्यांची मुलगी आहे. वडील गेले. त्यांच्या टेबलात एका कागदावर पासवर्ड आणि ‘यांना कळव’ एवढंच लिहिलेलं होतं. पुढे तिनं विचारलं, की त्यात खजिन्याचा उल्लेख आहे, तर वडिलांकडे तुमचे काही पैसे देणं राहिले आहेत का? मी ते भरीन.

रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर मुलाच्या खोलीत दिवा होता. तो रडत होता. मला वाटलं, नोकरी गेली. त्यानं पडदा दाखवला. एका तळ्याच्या काठी त्या मंडळातली तीस-बत्तीस पात्रं शस्त्रं बाजूला ठेवून गोलाकार बसली होती. कुणी काही बोलत नव्हतं. मी विचारलं, ‘‘नाव काय होतं रे त्यांचं?’’

‘‘खरं नाव माहीत नाही, बाबा. सहा वर्षांत कधी विचारलंच नाही.’’

मी नोकरीत मृत खातेदारांच्या वारसांचे दावे निकाली काढले आहेत. नामनिर्देशन, मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या आणि मग शिल्लक कुणाच्या हाती द्यायची ते ठरतं. पासबुक छातीशी धरून आलेल्या किती बायकांना मी समोर बसवून अर्ज भरून दिले असतील. इथे नामनिर्देशन नाही, वारस नाही. खातं हस्तांतर करता येत नाही असा करारच असतो. वर्गणी संपली की त्या माणसाचं नाव यादीत फिकट अक्षरांत उरतं, एवढंच. पण त्या रात्री मंडळानं खजिन्याची नोंद काढून पाहिली. सहा वर्षांत एकाही वस्तूचा घोळ नव्हता. त्यांनी मुलीला लिहिलं, की तुझ्या वडिलांकडे आमचं काहीही येणं नाही. उलट आमचंच खूप देणं राहिलं आहे. खोट्या नाण्यांच्या खजिन्यातला हा व्यवहार मी पाहिलेल्या खऱ्या व्यवहारांपेक्षा कमी खरा होता, असं मला म्हणवत नाही.

पुढे मला नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची हकीकत कळली. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या ड्युशेन या आजारानं तो लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत होता आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं, मुलगा एकाकी जगला. मित्र नाहीत, प्रेम नाही, फक्त ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. त्याच्या मृत्यूची बातमी त्यांनी इंटरनेटवर टाकली आणि देशोदेशींहून पत्रांचा लोंढा सुरू झाला. त्या जगात ‘इबेलिन’ या नावानं त्यानं किती जणांना आधार दिला होता, ते आईबापांना तेव्हा कळलं. अंत्यसंस्काराला परदेशांतून त्याचे मंडळसोबती आले. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. तो पाहताना मला नाथमाधव आठवले. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून त्यांच्या कमरेखालचं शरीर लुळं पडलं होतं. ‘वीरधवल’चं राज्य त्यांनी त्यानंतर उभारलं. मी तीनदा ते पुस्तक आणलं तेव्हा, घोडा फेकणारा तो नायक कुणी जागचं न हलता लिहिलाय हे मला माहीतही नव्हतं.

एवढं सांगून मी या खेळांचा प्रचारक झालो असं कुणी समजू नये. माझा मूळ आक्षेप कायम आहे, फक्त त्याची जागा बदलली. पैसे जातात हा आक्षेप नाही. आक्षेप असा, की बोहाड्याला पहाट असते आणि पुस्तकाला शेवटचं पान असतं. या खेळाला दोन्ही नसतं, कारण शेवट झाला तर वर्गणी थांबेल. म्हातारीला दात मिळाले की कातडी हवी, कातडी मिळाली की शिंगं. समाधान थोडं लांबवर ठेवण्याची ही कला हुशार माणसांनी विचारपूर्वक घडवलेली आहे. वाचनालयातल्या ग्रंथपालानं मला कधी सांगितलं नाही, की आज पुस्तक बदलायला आला नाहीस तर तुझी पायरी घसरेल.

तरीही ठरावीक वर्गणीला एक मर्यादा असते, हे बँकवाला म्हणून मान्य केलं पाहिजे. बाराशे म्हणजे बाराशे. खरी भीती आहे ती फुकट दिसणाऱ्या खेळांची. आत शिरल्यावर ते बंद पेट्या विकतात; पेटीत काय निघेल ते नशिबावर. २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामक मंडळानं अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्यानं बंदी घातली. वर्गणी घेऊन खेळू देणाऱ्या खेळांना मात्र वगळलं, अट अशी, की ती वर्गणी म्हणजे लावलेली पैज नसावी. सट्टा आणि वर्गणी यांतला हा भेद घरातही शिकवायला हवा. मुलगा किंवा मुलगी खेळते म्हणजे नेमकं काय करते, पैसे ठरलेले जातात की पेटीगणिक, हे विचारायला संगणकाचं ज्ञान लागत नाही.

आणि किती खेळलं म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या विकाराला आपल्या रोगसूचीत स्थान दिलं. ती सूची २०२२ पासून लागू झाली. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, आणि हे सर्वसाधारणपणे निदान वर्षभर टिकणं, ही त्याची लक्षणं. आमच्या घरात हे लावून पाहिलं. मुलगा कामावर वेळेवर जातो, रविवारी आईला गंगापूर रोडच्या भाजीबाजारात नेतो. पण चाळिशीच्या आत त्याचे डोळे लाल असतात आणि रात्रीची झोप पाच तासांची आहे, हेही खरं. मी हे त्याला सांगितलं. या वेळी दीड लाखांचा हिशेब न काढता सांगितलं, म्हणून असेल, त्यानं ऐकलं. कामाच्या दिवशी साडेअकराला बंद, असं ठरलंय. महिन्यातून तीन-चारदा मोडतं. माझं सकाळचं फिरणंही तितक्याच वेळा मोडतं.

स्टीनच्या आईवडिलांना मुलगा कळला तो त्याच्या जाण्यानंतर. त्यांचा त्यात दोष नव्हता. बंद दाराआड काय चाललंय हे कुणी सांगणारं नव्हतं. मला मात्र महिन्याच्या महिन्याला हाक येत होती आणि मी फक्त आकडे सांगत होतो. आता मी आकडे सांगून झाल्यावर विचारतो, आज कोण कोण आलंय? मग मला कळतं, की मनिलातल्या शिक्षिकेची बदली झाली, एकाला मुलगी झाली, आणि नवा खजिनदार नोंदी नीट ठेवत नाही. त्या नव्या खजिनदाराशी एकदा बोलायला हवं, असं मी मुलाला सुचवलंय. सावानाची वर्गणी मी या महिन्यात भरली. बुटक्याची मुदतही तीस दिवसांनी वाढवून घेतली. रानडुकरांची चार कातडी अजून आणायची राहिली आहेत.